इंडोनेशियातील विकास-साहाय्याचे समन्वयन

परदेशी सरकारे, जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांची इंडोनेशियातील कामे परस्परपूरक व्हावीत, यासाठी १९६७ पासून निरनिराळ्या व्यवस्था अस्तित्वात आल्या. समन्वयाची सूत्रे दात्यांकडे असावीत की यजमान देशाकडे, हा त्यांतील कळीचा प्रश्न राहिला आहे.

== दात्यांचे गट ==
सुहार्तो यांच्या राजवटीच्या आरंभी, १९६७ मध्ये, आयजीजीआय हा दात्या देशांचा व संस्थांचा गट स्थापन झाला. (भारतासाठी असाच संघ १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने स्थापन झाला होता.) गटाचे अध्यक्षपद नेदरलँड्सकडे, म्हणजे पूर्वीच्या राज्यकर्त्यांकडेच होते. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी पूर्व तिमोरमधील दिली येथे इंडोनेशियाच्या सैन्याने निदर्शकांवर गोळीबार केला. नेदरलँड्सने त्याचा निषेध करून नवे साहाय्य रोखले. तेव्हा मार्च १९९२ मध्ये इंडोनेशियाने डच साहाय्यच नाकारले आणि गट विसर्जित करण्यास सांगितले. सार्वभौमत्वाचा हा आग्रह समजण्याजोगा असला, तरी दिलीतील मृतांचा प्रश्न त्याने मिटला नाही. त्यानंतर जागतिक बँकेच्या अध्यक्षतेखाली सीजीआय हा गट आला. राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी २००७ मध्ये तोही बंद केला.

== आचेचा अनुभव ==
२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आचे प्रांतात मदतसंस्थांची एकच गर्दी झाली. अशा वेळी एका गावात दोन संस्था घरे बांधू पाहतात आणि शेजारचे गाव वाट पाहत राहते. यावर उपाय म्हणून सरकारने एप्रिल २००५ मध्ये आचे व नियास बेटासाठी 'बीआरआर' ही पुनर्रचना संस्था स्थापन केली. माजी खाणमंत्री कुंतोरो मांकुसुब्रोतो तिचे प्रमुख होते. संस्थांच्या प्रकल्पांना मान्यता देणे, त्यांची नोंद ठेवणे आणि जेथे कोणी पोहोचले नाही तेथे सरकारी निधीतून स्वतः बांधकाम करणे, अशी तिहेरी जबाबदारी तिच्यावर होती. नुसत्या समन्वयकाचे कोणी ऐकत नाही. या संस्थेच्या हाती निधीही होता, हे येथे ध्यानात घ्यावे. शिवाय १५ दात्यांनी आपला पैसा जागतिक बँकेच्या व्यवस्थापनाखालील एका सामाईक निधीत जमा केला. एप्रिल २००९ मध्ये मुदत संपताच बीआरआर विसर्जित झाली. तोवर सुमारे १ लाख ४० हजार घरे उभी राहिली होती.

== नंतरची स्थिती ==
जानेवारी २००९ च्या 'जकार्ता वचनबद्धते'नुसार दात्यांनी सरकारच्या आराखड्यानुसार काम करण्याचे मान्य केले. राष्ट्रीय नियोजन संस्था 'बाप्पेनास' हिच्याकडे यात मध्यवर्ती भूमिका आहे. मध्यम उत्पन्न गटातील या देशाच्या अर्थसंकल्पात परदेशी साहाय्याचा वाटा अल्प असल्याने निधीपेक्षा तांत्रिक ज्ञानाला अधिक महत्त्व आले आहे. २०१९ मध्ये इंडोनेशियाने इतर देशांना साहाय्य देण्यासाठी स्वतःची संस्था सुरू केली.