बाटलीला भाव, पुडीला नाही

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. बैलबाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. अशी यात्रा उठली की मागे उरतात पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या आणि सुपारीच्या पुड्या. खांद्यावर गोणी घेऊन फिरणारी बाई त्यातली बाटली उचलते, पुडी तशीच टाकते. तिचे काय चुकले? बाटली भंगारवाला घेतो. पुडीत निरनिराळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवणे परवडत नाही. तिला गिऱ्हाईकच नाही.

मग पुडी उचलायची कोणी? कायदा म्हणतो, जो ती बाजारात आणतो त्याने. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत ही जबाबदारी उत्पादकावर आली आणि ग्रामपंचायतीही त्या कक्षेत आल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये तपशील ठरला. कंपनीने विकलेल्या प्लॅस्टिकच्या प्रमाणात कचऱ्याची विल्हेवाट लावायची, नाहीतर नोंदणीकृत कारखान्याकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. पुडी सिमेंटच्या भट्टीत जाळली किंवा रस्त्याच्या डांबरात मिसळली तरी प्रमाणपत्र निघते. बाटल्या-डब्यांत 2025-26 पासून 30 टक्के जुने प्लॅस्टिक वापरण्याचे बंधनही त्यात आहे. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते आणि भंगाराचा भाव पडतो. तो सावरायला अशी सक्ती हवीच होती.

पण खरी गोम पुढेच आहे. प्रमाणपत्र कारखान्याच्या नावावर निघते, पैसेही त्यालाच. गोणीवाल्या बाईचा त्यात वाटा लिहिलेला नाही. उलट 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला तपासणीत सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली. म्हणजे कोणी न उचललेल्या कचऱ्याचेही पैसे झाले!

पुण्यात कचरावेचकांनी, त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. 2008 पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. संघटना होती, म्हणून करार झाला.

आपल्याकडे ग्रामसभेत एवढे तरी विचारावे : यात्रेच्या कचऱ्यासाठी पंचायतीने कोणत्या कंपनीशी बोलणी केली, आणि वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळणार? घरात बाटलीचे झाकण वेगळे ठेवावे. ते निराळ्या प्लॅस्टिकचे असते. पुड्या कोरड्या करून वेगळ्या पिशवीत भराव्यात, चुलीत घालू नयेत.