सुट्टीचं सभासदत्व : घ्यावं का, आणि घेतलंच तर कुठलं?

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की सहलीच्या गप्पा होणार. तशा त्या होतीलही, पण जास्त करून हिशेबाच्या होतील. आम्ही ग्राहक मार्गदर्शनाचं काम करतो. लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे येतात. कुणाला घराचा ताबा मिळालेला नसतो, कुणाचा विम्याचा दावा नाकारलेला असतो, आणि त्यांच्यात टाइमशेअरवाले असतातच. या मंडळींची अडचण अशी की बहुतेकांना फसवणूक सिद्ध करता येत नाही. कागदावर सगळं छापलेलं असतं आणि खाली सही त्यांचीच असते. म्हणून या विषयावर बोलायचं तर सही करायच्या आधी बोलायला हवं.

आपण नेमकं काय विकत घेतो?

मूळ कल्पना वाईट नाही. डोंगरातलं किंवा समुद्राकाठचं घर एकट्या कुटुंबाला परवडत नाही आणि वर्षभर लागतही नाही. मग वर्षाचे बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांनी वाटून घ्यावेत. युरोपात १९६०च्या दशकात हे सुरू झालं. एकाच ठिकाणी दरवर्षी जाऊन लोक कंटाळतात, म्हणून आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली आरसीआय ही अमेरिकेत १९७४ साली सुरू झाली. आपल्याकडे १९८६ साली स्टर्लिंग आली, १९९६ साली महिंद्रची कंपनी आली, आणि 'मेंबरशिप' हा शब्द मध्यमवर्गाच्या घरात शिरला.

इथे एक फरक लक्षात घ्या. अमेरिकेत अनेक ठिकाणी त्या आठवड्याची मालकी दस्त नोंदवून मिळते. आपल्याकडे बहुतेक करारांत मिळतो तो ठरावीक वर्षं खोली वापरायचा हक्क. जमिनीच्या उताऱ्यावर आपलं नाव लागत नाही, इमारतीत वाटा नसतो. मुदत संपली की हक्क संपला. तेव्हा समोरचा माणूस 'मालमत्ता', 'मुलांसाठी ठेवा' असे शब्द वापरायला लागला की त्याला थांबवा आणि विचारा, करारात हे कुठल्या कलमात लिहिलंय?

हॉलमधलं गणित आणि घरचं गणित

सुरुवात कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. मॉलमध्ये एक कूपन भरलेलं असतं. फोन येतो, 'अभिनंदन, तुम्हाला तीन दिवसांची सहल मिळाली आहे.' गोव्यात कळंगुट-बागा भागात तर रस्त्यावरच स्क्रॅच कार्ड हातात देतात आणि बहुतेक वेळा तुम्हीच जिंकलेले असता. (हशा) बक्षीस घ्यायला हॉटेलच्या हॉलमध्ये यायचं. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं. कारण एकटा आलेला माणूस म्हणतो, 'घरी विचारून सांगतो.' दोघं आले की ती पळवाट बंद. मग दीड-दोन तास गोड बोलणं, मधेच कुणी सही केली की टाळ्या, आणि शेवटी 'हा दर फक्त आजच.'

तिथे कागदावर जे गणित मांडतात ते आपण मांडून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या हातातल्या कोटेशनप्रमाणे बदलून घ्या. समजा, सभासदत्व साडेचार लाखांचं, मुदत २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री. म्हणजे एकूण १७५ रात्री. साडेचार लाखांना १७५ने भागलं की एका रात्रीचे साधारण २,५७० रुपये. हॉटेल सहा हजारांना पडतं, तेही २५ वर्षांत महागणार. ऐकायला किती छान!

आता घरचं गणित. दरवर्षी देखभालीचं शुल्क असतं. आपण मेंटेनन्स म्हणू. समजा ते पहिल्या वर्षी जीएसटी धरून १८ हजार आहे. शिवाय ते साडेचार लाख बँकेत ठेवले असते तर सहा टक्क्यांनी वर्षाला २७ हजार व्याज मिळालं असतं, तेही गेलं. अठरा आणि सत्तावीस, झाले पंचेचाळीस हजार. सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीचे सुमारे ६,४३० रुपये. चारच रात्री वापरल्या तर ११,२५०. हप्त्यांनी घेतलं असेल तर हप्त्यांवरचं व्याज आणखी वेगळं.

आणि मेंटेनन्स तिथेच थांबत नाही. वर्षाला पाच टक्क्यांनी वाढलं तर पंचविसाव्या वर्षी ते ५८ हजारांच्या घरात जातं. पंचवीस वर्षांची बेरीज होते सुमारे ८ लाख ५९ हजार. म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मेंटेनन्सचीच. हॉलमध्ये आपण घासाघीस करतो ती साडेचार लाखांवर, आणि मोठा आकडा दुसरीकडेच असतो.

विक्रेता म्हणेल, हॉटेलचे दरही वाढतीलच की. बरोबर आहे, वाढतील. पण एक फरक उरतोच. ज्या वर्षी तुम्ही कुठे जात नाही त्या वर्षी हॉटेलचं बिल शून्य असतं. मेंबरशिपचं बिल येतंच. आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या : किंमत ठरते ती न गेलेल्या वर्षांवर.

न गेलेली वर्षं

आमच्याकडे नाशिकचं एक जोडपं आलं होतं. दोघं नोकरी करणारे, चाळिशीत असताना मेंबरशिप घेतलेली. पहिली तीन वर्षं मजेत गेली, फोटोंचे अल्बम आहेत. मग मुलीची दहावी आली, मागोमाग बारावी आणि प्रवेश परीक्षा. त्या संपता संपता सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पाच वर्षं कुठे जाणं झालं नाही. मेंटेनन्स भरायचाही राहिला. सासूबाई गेल्यावर काकू म्हणाल्या, आता चार दिवस कुठेतरी जाऊ या. बुकिंगसाठी फोन केला तर उत्तर आलं, आधी पाच वर्षांची थकबाकी व्याजासकट भरा, मग खोली बघू. करारात तसं कलम होतं. काकू आम्हाला एवढंच म्हणाल्या, 'आम्ही मजा मारत नव्हतो हो, घरात आजारपण होतं.' त्यांना देण्यासारखं चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं. त्यांनी थकबाकी भरली नाही आणि सभासदत्व सोडून दिलं. आधी भरलेले पैसे गेले ते गेलेच.

यात त्यांची चूक काय? इतकीच की पुढची २५ वर्षं पहिल्या तीन वर्षांसारखी असतील असं धरलं. आपल्या घरात परीक्षा, आजारपण, बदली, बाळंतपण, लग्नकार्य हे सगळं असतं. म्हणून घरी एक काम करा. कागदावर मागची दहा वर्षं लिहा आणि प्रत्येक वर्षापुढे खरोखर किती रात्री सहलीला बाहेर राहिलात ते लिहा. गावी, नातेवाइकांकडे, लग्नाला गेलेल्या रात्री धरायच्या नाहीत. सरासरी सहाच्या वर आली तरच पुढचा विचार करा. दोन-तीन आली तर मेंबरशिपमुळे सवय बदलेल या भरवशावर राहू नका.

रंग कुठला?

आपल्याकडे अनेक योजनांत वर्षाचे भाग पाडून त्यांना रंग दिलेले असतात. सगळ्यात जास्त मागणीचा काळ एका रंगात, पावसाळ्यासारखा कमी मागणीचा दुसऱ्या रंगात. स्वस्त रंग घेतला की महाग रंगाच्या काळात सहसा खोली मिळत नाही, किंवा जादा हक्क खर्चावा लागतो. शाळेत जाणारी मुलं असतील तर तुमची सुट्टी म्हणजे मे महिना, दिवाळी आणि नाताळ. नेमका हाच महाग काळ. शिवाय त्या दिवसांत सगळेच सभासद मागणी करतात, त्यामुळे महाग रंग असूनही हवी ती जागा हव्या त्या तारखांना मिळेलच असं नाही. कित्येक महिने आधी बुकिंग करावं लागतं. तुमच्या ऑफिसात रजा इतक्या आधी मंजूर होते का, हा प्रश्न हॉलमध्ये कुणी विचारत नाही. तो तुम्ही स्वतःला विचारा.

उलट, निवृत्त जोडप्याला जुलै-ऑगस्टमधलं महाबळेश्वर चालतं, गर्दी नसते, धुकं असतं. त्यांच्यासाठी स्वस्त रंग खरोखर स्वस्त पडू शकतो. फक्त त्यांनी २५ वर्षांचा करार करायचा का, हा वेगळा प्रश्न.

जागा कुठली?

विकताना भिंतीवर मनाली, केरळ, बँकॉक असतं. पण खोली हा सहलीच्या खर्चाचा एक भाग झाला. मे महिन्यात चौघांनी पुण्याहून मनालीला जायचं तर चंडीगडपर्यंत विमान आणि पुढे दिवसभराचा रस्ता. तिथे रिसॉर्टचं जेवण चौघांचं, दोन्ही वेळचं. 'खोली फुकट' असूनही खिसा रिकामा होतो. म्हणून आमचा सल्ला असा की जिथे घरून गाडीने किंवा एका रात्रीच्या बस-रेल्वेने पोचता येईल अशा जागा आधी मोजा. पुण्याच्या माणसाला महाबळेश्वर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबईकराला लोणावळा त्याहून जवळ, गोवा रात्रभराच्या प्रवासावर. अशा किमान तीन जागा यादीत नसतील तर घेऊ नका.

अदलाबदलीवर भरवसा ठेवून तर अजिबात घेऊ नका. बदलून घ्यायची फी वेगळी असते, आणि तुमच्या आठवड्याला समोर किती मागणी आहे त्यावर बदल्यात काय मिळणार ते ठरतं. ज्या जागी तुम्ही स्वतः जाणार नाही, ती जागा दुसरा का घेईल? जिथे अदलाबदल नसली तरी आनंदाने जाऊ, तीच जागा योग्य.

आणि पर्याय विसरू नका. गुहागर, दापोली, तारकर्ली या भागांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. पर्यटन महामंडळाच्या खोल्या आहेत. त्यांचे आजचे दर आणि आपला तो रात्रीचा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा.

'वापरलं नाही तर पैसे परत'

हे वाक्य आलं की उठून या. हा सल्ला कडक वाटेल, पण त्याला कारण आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकल्या, आणि रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम देऊ असं सांगितलं. सेबीने ही सुट्टीची नव्हे तर परवानगी न घेतलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली, आणि २०१६ साली पैसे परत करायचा आदेश दिला. आकडा होता ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार ५१ लाखांहून जास्त. सहल विकणाऱ्याने व्याजाची भाषा सुरू केली की ती सहल राहत नाही, हा त्यातला धडा.

सही करण्याआधी

युरोपीय संघात टाइमशेअरचा करार केल्यावर १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो, आणि त्या मुदतीत विक्रेत्याला पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या आपल्या नियमांत रद्द करायला थोडे दिवस देतात, ते किती आणि कधीपासून मोजायचे, हे लेखी घ्या. शिवाय चार गोष्टी लेखी मागा : मेंटेनन्स वाढवायचा नियम काय, न वापरलेल्या रात्री पुढे किती वर्षं नेता येतात, थकबाकी झाली तर काय, आणि मधेच बाहेर पडलो तर किती परत. तोंडी दिलेलं आश्वासन त्याच माणसाला ईमेलवर लिहून पाठवायला सांगा. पाठवलं नाही, तर उत्तर मिळालं.

वाद झालाच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही आठ वर्षांपूर्वी घेतलंय. आता काय करावं?

उत्तर : भरलेली किंमत विसरून जा, ती परत येणार नाही. यापुढचा मेंटेनन्स आणि यापुढे खरोखर वापराल त्या रात्री एवढंच मोजा. बऱ्याच वेळा ते गणित चांगलं निघतं. मग मात्र नेटाने वापरा. मुलं जाणार असतील तर त्यांना कसं वापरता येईल ते कंपनीला विचारा.

प्रश्न : एकाचा फोन आलाय, म्हणतो तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, आधी ट्रान्सफर फी भरा.

उत्तर : भरू नका. गिऱ्हाईक असेल तर फी त्याच्या पैशातून वळती करून घ्या म्हणावं. पुन्हा फोन येतो का बघा.

प्रश्न : मग कुणी घ्यावंच नाही का?

उत्तर : असं नाही. ज्यांची दहा वर्षांची वही भरलेली आहे, रजा हातात आहे, पैसे कर्जाचे नाहीत आणि जवळच्या तीन जागा आवडीच्या आहेत, त्यांनी जरूर घ्यावं. आमच्या ओळखीत अशी घरं आहेत आणि ती खूश आहेत. बाकीच्यांनी तेच पैसे बँकेत 'सहल' नावाने ठेवावेत. ज्या वर्षी जाणं झालं नाही, त्या वर्षी ते वाढतील तरी.