घरात बाळ आले, कॅमेरा कोणता घ्यावा?

लग्नसराई संपली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी फर्निचरचा कारागीर असतो, कधी कापडाचा किरकोळ व्यापारी, कधी गॅरेजवाला. घरात पहिले मूल आलेले असते किंवा येणार असते. अकीक्याची तारीख ठरलेली असते, पाहुणे यायचे असतात आणि हातात वीस-पंचवीस हजार रुपये बाजूला काढलेले असतात. प्रश्न एकच, “कॅमेरा घ्यावा म्हणतो, कोणता घेऊ?” फोटो काढणेच ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी आमचा वाद नाही, त्यांनी हे पान उलटून पुढे जावे. ज्यांना घ्यायचा आहे त्यांचे कष्टाचे पैसे चुकीच्या डब्यात अडकू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

परभणी जिल्ह्यात कॅमेरा ही फार काळ दुकानदाराची वस्तू होती, घराची नव्हती. फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचे, रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहायचे. फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरला की जिंतूर, पाथरी, गंगाखेडची कुटुंबे परभणीला येत आणि जत्रेतल्या फोटोवाल्यापुढे बसत. कित्येक घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो असलाच तर तो असा काढलेला. पुढे आग्फाचा क्लिक थ्री आला. भारतातच बनणारा साधा डबा, एका रोलवर बारा फोटो. कृष्णधवल रोल सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मिळे. १९६० साली स्थापन झालेला हा कारखाना उटीला होता. नंतर पस्तीस मिलिमीटरचे रंगीत रोल आले, छत्तीस फोटोंचे. प्रत्येक खटक्याला पैसे पडत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबी. आज खटका फुकट झाला आहे. त्यामुळे फोटो हजारो निघतात आणि पाहायला घेतला तर एकही सापडत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या समाजाला लागू आहे. घरातल्या स्त्रियांचे फोटो बाहेरच्या माणसाने काढावेत, त्याच्या संगणकात ते राहावेत, हे अनेकांना रुचत नाही. ही अडचण आजची नाही. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती तेव्हा राजा दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला होता. याच दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवला. व्यापारी माणसाने यातला धंद्याचा धडाही पाहावा. गिऱ्हाईक का येत नाही हे ओळखून त्यांनी दुकानाची रचनाच बदलली. मात्र ती सोय हैदराबादेत आणि ऐपतदार घरांना. आज घरचा कॅमेरा घरच्या माणसाच्या, बाळाच्या खालाच्या किंवा फुप्पीच्या हातात असला, तर ती सोय परभणीच्या साध्या घरातही होते. आमच्या मते घरी कॅमेरा घेण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

आधी खिशातला फोन पाहा

फोनने बाळाचा फोटो पाठवण्याची सुरुवातही एका बापानेच केली. ११ जून १९९७ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे फिलिप कान यांची मुलगी सोफी जन्मली. प्रसूतिगृहातच त्यांनी डिजिटल कॅमेरा आणि मोबाईल फोन लॅपटॉपला जोडून जुगाड केला आणि मुलीचा फोटो सुमारे दोन हजार परिचितांना पाठवला. मिस्त्रीकाम करणाऱ्या आमच्या बांधवांना हे ऐकून बरे वाटेल, कारण हाताशी असलेल्या वस्तूंतून गरज भागवणे हा त्यांचा रोजचा उद्योग.

तेव्हा प्रथम घरातला फोन नीट वापरून पाहावा. काच रुमालाने पुसावी, चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, बाळाला खिडकीजवळ किंवा उघड्या दाराजवळ घ्यावे आणि उजेड एका बाजूने येऊ द्यावा. भर दुपारी अंगणात नेऊ नये. परभणीच्या उन्हात तान्ह्या मुलाचे डोळे उघडत नाहीत आणि चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. सकाळी नऊच्या सुमारास घरात येणारा उजेड उत्तम. एवढे केल्यावर फोटो मनासारखे येत असतील तर पंचवीस हजार वाचले असे समजावे. झोपलेल्या बाळासाठी फोन पुरेसा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अडचण सुरू होते ते मूल रांगू लागल्यावर. संध्याकाळी घरात एक-दोन दिवे, मूल क्षणभर स्थिर नाही; फोन उजेड गोळा करायला वेळ घेतो आणि तेवढ्यात चेहरा पुसट होतो. फोनमधील चित्र टिपणारा तुकडा, म्हणजे सेन्सर, बोटाच्या नखापेक्षा लहान असतो. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्याच्या कित्येक पट मोठा असतो. मोठ्या परातीत पावसाचे पाणी जास्त साठते, तसाच हा प्रकार.

पैसे कशावर घालावेत

दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा पुढे करतो. तो बाजूला ठेवावा. घरच्या अल्बमसाठी आजचा कोणताही कॅमेरा पुरून उरतो. पाहायचे ते तीन गोष्टींत. चेहऱ्यावर व डोळ्यावर तो आपोआप फोकस धरतो का, बटण दाबल्याबरोबर फोटो निघतो का, आणि लेन्स किती उजेड आत घेते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स पुढे ताणली की तिचे छिद्र एफ ५.६ किंवा त्याहून बारीक होते. एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स एफ ५.६ च्या मानाने नऊपटींहून अधिक उजेड आत घेते. रांगणारे मूल टिपायला शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग तरी हवा. घरातल्या उजेडात तो झूम लेन्सने मिळणे कठीण, या लेन्सने मिळतो. म्हणून जाणकार पन्नास मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स घ्या म्हणतात. ती स्वस्तही आहे.

पण ज्याचे घर दहा बाय बाराच्या खोल्यांचे, त्याने फूटपट्टी घेऊन विचार करावा. साध्या कॅननच्या सेन्सरवर पन्नासची लेन्स लावली आणि दोन मीटर रुंदीत बसलेले कुटुंब एका फोटोत घ्यायचे ठरवले, तर फोटो काढणाऱ्याला सुमारे साडेचार मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा फूट मागे जावे लागते. बारा फुटांच्या खोलीत तो भिंतीतून बाहेर जाणार का? चोवीस मिलिमीटरची लेन्स असेल तर हेच काम सात-सव्वासात फुटांत होते. जुन्या माळवदाच्या घरांत आणि नव्या छोट्या फ्लॅटमध्ये चोवीस ते पस्तीस मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स पन्नासपेक्षा उपयोगी पडते. पन्नासची लेन्स फक्त बाळाच्या चेहऱ्यासाठी सुंदर.

आरशाचा कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर, घ्यावा की बिनआरशाचा मिररलेस? पहिला मिररलेस पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला आणि आता कंपन्यांचे लक्ष त्यांच्याकडेच आहे. कॅननचा आर ५० हा २०२३ मध्ये आलेला कॅमेरा चालत्या मुलाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवतो. डोळा लावून पाहण्याची खिडकी आणि छोटा फ्लॅशही त्यात आहे. सोनीचा झेडव्ही-ई १०, २०२१ चा, चलच्चित्रासाठी चांगला, पण त्यात ती खिडकी नाही. आमच्याकडच्या उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. असे कॅमेरे लेन्ससह घ्यायचे तर हिशेब पन्नास हजारांच्या पुढे जातो. वीस-पंचवीस हजारवाल्याने नव्याचा हट्ट सोडून जुना डीएसएलआर पाहावा. लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसकडे वळत असल्याने जुने कॅमेरे बाजारात येत आहेत.

जुना घेताना मात्र “बनी तो बनी, नहीं तो परभणी” असा कारभार नको. लग्नात वापरलेला कॅमेरा एका समारंभात हजार-दोन हजार वेळा खटकतो, आणि साध्या डीएसएलआरचे शटर सुमारे एक लाख खटक्यांच्या हिशेबाने बनवलेले असते. आतापर्यंत किती खटके झाले तो आकडा विचारावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो फोटोच्या फाईलवरून किंवा संगणकावरून काढता येतो. लेन्समध्ये एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स परत द्यावी, सूट मिळत असली तरी. मग छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तो खर्च किमतीतून वळता करावा. ज्यांची दुकाने जिनिंगच्या किंवा सुतारकामाच्या भागात आहेत त्यांनी नंतरही लेन्स उघड्यावर बदलू नये. शेवटी मूळ बिल मागावे आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या बुडाशी जुळतो का ते पाहावे. बिल नसेल तर सौदा कितीही गोड असो, सोडून द्यावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो.

नवा घेणाऱ्यांसाठी बिलाच्या दोन गोष्टी. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. “बिल नको, दहा टक्के कमी देतो” असे कोणी म्हटले तर बिलाबरोबर वॉरंटीही जाते, हे ध्यानात ठेवावे. ज्यांचा व्यवसाय जीएसटीखाली नोंदला आहे आणि कॅमेरा खरोखर मालाचे नमुने, फर्निचर, दागिने यांचे फोटो काढण्यासाठी घेतला आहे, त्यांनी करसवलतीबद्दल आपल्या हिशेबनिसाला विचारावे. निव्वळ बाळासाठी घेतलेला कॅमेरा दुकानाच्या खर्चात दाखवू नये.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी वाचून व्याज टाळणारे आमचे बांधव निश्चिंत होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नाही. बहुतेक अशा योजनांत बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवली जाते. वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. कर्जाच्या कागदावर व्याजाचा रकाना असतो, तो सहीपूर्वी वाचावा. दुकानदाराला आधी रोख किंमत विचारावी. दोन किमतींतला फरक पाहिला की सगळे उघड होते.

फोटो काढताना आणि काढल्यावर

घरात एलईडी दिवे असतील आणि फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. आपल्या विजेवर स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणले की पट्टे जातात.

फ्लॅशने तान्ह्याची दृष्टी जाते असे नानी-दादी सांगतात. साध्या फ्लॅशने तसे होत असल्याचा पुरावा नाही. पण फोटो सपाट येतो आणि मूल दचकते, म्हणून तो कमीच वापरावा. मात्र फ्लॅशच्या फोटोत एक गोष्ट प्रत्येक आईबापाने पाहावी. अशा फोटोत बाहुली लाल दिसते, ते नेहमीचे आहे. पण पुन्हा पुन्हा एकाच डोळ्यात लालऐवजी पांढरी किंवा पिवळट चमक दिसली तर थांबू नये, नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बहुतेक वेळा ती केवळ कोनामुळे पडलेली चमक असते. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला, नोआला, हा रोग झाला. नंतर शॉ यांनी घरचे जुने फोटो तपासले, तेव्हा मूल अवघे बारा दिवसांचे असताना काढलेल्या फोटोतही ती पांढरी चमक आढळली. त्यावरून त्यांनी अशी चमक शोधणारे मोबाईलचे साधन तयार केले. हा रोग लवकर सापडला तर मुलाचा जीव आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. बाळाचे महिन्याला पाच-दहा फोटो नीट मोठे करून पाहायला पैसे लागत नाहीत.

साठवणीत लोक सर्वांत जास्त हयगय करतात. गूगलची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता पंधरा जीबी फुकट, तीही ईमेलसह. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने घटतो, म्हणून नातेवाइकांना प्रिंटसाठी द्यायचा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. दर महिन्याला फोटो हार्ड डिस्कवर उतरवावेत आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी, आजोळी किंवा भावाकडे ठेवावी. फोन हरवतो, डिस्क पडते. दोन्ही एकाच दिवशी क्वचित जातात.

जुना कॅमेरा पुढे विकताना मेमरी कार्ड बरोबर देऊ नये. पुसलेले फोटो साध्या प्रणालीने परत काढता येतात आणि घरच्या स्त्रियांचे फोटो अनोळखी हातात जातात. कार्डाची किंमत ती किती, मोडून टाकावे.

आणि वर्षातून एकदा वीस-पंचवीस फोटो निवडून स्टुडिओत छापून घ्यावेत. आपल्या गावच्या स्टुडिओवाल्याचा धंदाही त्यावर चालतो. प्रिंटच्या मागे मुलाचे नाव, तारीख, गाव आणि शेजारी कोण बसले आहे ते लिहावे. मऊ पेन्सिल चांगली. बॉलपेनचा दाब समोर उमटतो आणि ओली शाई थप्पीतल्या वरच्या फोटोच्या चेहऱ्याला लागते.