संपूर्ण घराला एकच फरशी: कोणती टाइल टिकेल आणि मोबाईल कुठे कामी येईल?

सिहोऱ्यासारख्या गावात घराचं काम निघालं की घरातले टाइल्सचं काम हमखास आपल्याकडे सोपवतात, ‘तू मोबाईलवर बघ’ म्हणून. आपण बघतो ते फोटो. पण तुमसर तालुक्यातल्या घरात फरशीवर चिखलाचे पाय येतात, धानाची पोती ओढली जातात, आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. हे काही फोटोत दिसत नाही.

आधी फरक समजून घेऊ. सिरॅमिक टाइल पाणी पिते, तर विट्रिफाइड टाइल जास्त तापमानाला भाजलेली असल्याने तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. दुकानात टाइल उलटी करा, मागच्या बाजूला थोडं पाणी टाका आणि पाच मिनिटं थांबा. पाणी मुरून डाग पडला तर ती विट्रिफाइड नाही, दुकानदार काहीही म्हणो.

विट्रिफाइडमध्येही दोन प्रकार नेहमी समोर येतात. ‘जीव्हीटी’मध्ये डिझाइन डिजिटल प्रिंटरने छापून वर काचेसारखा थर देतात. संगमरवर, लाकूड, काहीही छापता येतं, पण छपाई अगदी पातळ असते. टवका उडाला की खालचा वेगळा रंग दिसतो. ‘डबल चार्ज’मध्ये रंगीत मातीचाच ३-४ मिलिमीटरचा थर दाबलेला असतो, म्हणजे झीज झाली तरी रंग जात नाही. डिझाइन मात्र मोजकेच मिळतात. जिथे पोती ओढली जातात तिथे माझं मत डबल चार्जला.

आणि चकचकीत टाइल? राहू द्या. पायाला लागून येणारी वाळू त्या चकाकीपेक्षा कठीण असते, त्यामुळे दारापाशी दोन-तीन वर्षांत चमक मरते. शिवाय पावसाळ्यात ओल्या पायाने आजी घसरली तर फरशीचे वाचलेले पैसे दवाखान्यात जातात. म्हणून घरात फिक्या रंगाची, कमी चकाकीची टाइल घ्या. न्हाणीघर आणि छपरीत त्याच रंगाची खरखरीत टाइल लावा. एकच फरशी म्हणजे एकच पृष्ठभाग असं नाही ना!

शहाबादी किंवा कोटा स्वस्तात मस्त, अंगणासाठी तर उत्तमच. पण दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच किंवा संडास धुवायचं ॲसिड सांडलं की डाग कायमचा. म्हणून स्वयंपाकघरात विचार करूनच.

आता हिशोब, कारण गडबड इथेच होते. ‘दोन बाय दोन’ची टाइल प्रत्यक्षात ६०० बाय ६०० मिलिमीटर असते. चारच्या बॉक्समध्ये १६ नाही, साधारण १५.५ चौरस फूट माल येतो. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फूट धरा. कापाकापीसाठी १० टक्के वाढवले की २९७. १६ ने भागलं तर १९ बॉक्स, १५.५ ने भागलं तर २०. एक बॉक्स कमी पडला आणि नंतर आणायला गेलात की शेड जुळत नाही. घरकुलाचे पैसे आधीच अपुरे, त्यात परत एक खेप!

मोबाईलचं खरं काम इथे आहे. मेजर ॲपचं माप अंदाजापुरतं ठेवा, खोली टेपनेच मोजा. स्क्रीनवरच्या रंगावरही विसंबू नका, कारण बरेच फोन रंग भडक करून दाखवतात. नमुना घरी आणून उन्हात आणि ट्यूबलाइटखाली बघा. माल उतरवताना प्रत्येक बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर फोटो काढून जुळवा, आणि वेगळा निघाला तर मिस्त्री हात लावायच्या आत परत करा.

फरशी बसल्यावर रात्री लाइट बंद करून फोनचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. वर आलेली प्रत्येक कड सावली टाकते. मग नाण्याने टाइल ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे खाली माल भरलेला नाही, आणि ती टाइल पलंगाच्या पायाखाली आधी फुटेल. अशा टाइल्सवर खडूने खूण करा आणि मिस्त्रीचे शेवटचे पैसे द्यायच्या आधी बदलून घ्या. उरलेल्या चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवा, बॉक्ससकट.