विकावें कीं ठेवावें?

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या अडतींत सोयाबीनच्या पोत्यांची रीघ लागली, म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंपुढें दरसालचा प्रश्न उभा राहतो: आज विकावें, कीं घरांत ठेवावें? याचें उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या सल्ल्यानें किंवा 2021 सालच्या आठवणीनें दिलें जातें. त्या ऑगस्टांत क्विंटलास दहा हजारांवर भाव चढला होता खरा. पण 2024 च्या हंगामांत तो बहुतेक बाजारांत 4,892 रुपयांच्या आधारभावाखालींच राहिला.

एकरीं 22,000 रुपये खर्च आला असें धरूं. यांत बीं, खत, मळणी येतातच; परंतु जमिनीचा खंड व घरच्या माणसांची मजुरीही आली पाहिजे. (घरची स्त्री खुरपणीस रोज जाते; वहींत मात्र तिचें नांव नसतें. ही आमची जुनी खोड!) उतारा 5 क्विंटल आला तर माल 4,400 रुपयांस पडला, 4 आला तर 5,500 रुपयांस. या दुसऱ्या शेतकऱ्यास 2025-26 चा 5,328 रुपयांचा आधारभावही पुरला नसता.

परंतु येथेंच घोटाळा होतो. हा आकडा पुढील सालीं तें पीक घ्यावें कीं नाहीं, हें सांगतो. माल ठेवावा कीं नाहीं, हें सांगत नाहीं. ‘मला 5,500 ला पडलें, त्याखालीं देणार नाहीं,’ हा हट्ट बाजार ओळखीत नाहीं. झालेला खर्च माल विकला तरी झालेलाच, ठेवला तरी झालेलाच. साठवणीचा हिशेब आजच्या भावापासून सुरू होतो. समजा, आज 4,400 मिळतात. चार महिन्यांचें दरमहा शेंकडा 1 प्रमाणें व्याज 176, वखारभाडें 40, जादा हमाली 20; एकूण 4,636. शिवाय शेंकडा 14 ओलाव्याचा माल वाळून 12 वर आला, कीं क्विंटलामागें सुमारें सव्वादोन किलो वजन घटतें. तेव्हां फाल्गुनांत 4,745 च्या आसपास भाव न आल्यास ठेवणारा तोट्यांत. तेंच व्याज सावकाराचें, दरमहा शेंकडा 3 असेल, तर आकडा 5,100 वर जातो!

रोकडीची नड असलेल्यांसाठीं बाजार समित्यांमार्फत 1990-91 पासून शेतमाल तारण योजना चालत आली आहे. मालाच्या किमतीच्या शेंकडा 75 पर्यंत कर्ज, सालिना शेंकडा 6 व्याजानें, 180 दिवसांसाठीं. पण गोदामाची वाट धरण्यापूर्वीं वरील बेरीज कागदावर मांडावी. ती मांडण्यास घरांतील शाळेंत जाणारी मुलगी पुरे आहे.