पाळकीणबाई कोण?

शनिवारी रात्री नऊला माझ्या गॅसवर दोन पातेली असतात. एकात डाळ, दुसऱ्यात काळ्या मनुका. सकाळपासून भिजलेल्या मनुका उकळून, कुस्करून चहाच्या गाळणीतून गाळल्या की उद्याच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस तयार. बाटलीतला रस मिळतो, पण त्यात साखर फार आणि मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मधुमेह. मनुकांतही साखर असतेच, हे नवऱ्याने मला ऐकवून झालंय. चार वर्षांची लेक गाळणीखाली बोट धरून रस चाखते. तिला रागवायचं की नाही, हे ईश्वरविद्येच्या बीडी अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नव्हतं.

मी पाळक आहे, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. रोमन कॅथलिक पंथात स्त्रीला दीक्षा मिळत नाही आणि तिथले फादर लग्न करत नाहीत. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया वेगळं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ते झालं. इथे पाळकाला संसार असतो आणि बाईलाही दीक्षा मिळते. तरी दवाखान्यात गळ्यातली पांढरी कॉलर पाहून लोक मला सिस्टर म्हणतात आणि सलाइन संपत आल्याचं सांगतात. मी नर्सला बोलावून आणते. प्रार्थना त्यानंतर.

बदली होऊन इथे आले, त्या पहिल्या रविवारी दारात एका आजींनी विचारलं, "पाळकसाहेब कुठायत?"

"मीच, आजी."

त्यांनी माझ्यामागे उभ्या नवऱ्याला निरखलं. "मग पाळकीणबाई कोण?"

प्रश्न चोख होता. आमच्या मंडळ्यांत पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. येईल त्याला चहा देणारी, महिला मंडळ चालवणारी, शब्बाथ शाळेची पोरं सांभाळणारी, मयताच्या घरी बायकांत बसणारी. काम दोघांचं, पगार एकाचा. नवरा शाळेत मास्तर आहे. त्या दिवसापासून त्याचे मित्र त्यालाच पाळकीणबाई म्हणतात. तो हसतो, स्वयंपाकही माझ्याहून बरा करतो. महिला मंडळ मात्र त्याला चालवता येत नाही.

घर आणि सेवा यांचा मेळ कसा घालता, असं मला सारखं विचारतात. मेळ माझ्या वेळापत्रकामुळे बिघडत नाही, असं माझं मत आहे. हे पदच दोन माणसांच्या मापाने शिवलंय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे नगरला त्यांनी कविता लिहिल्या, कीर्तनं केली, कुणालाही घरी आणून ठेवलं. आणलेल्यांची ताटं वाढली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' लोक त्यातल्या विनोदासाठी वाचतात. मला ते नोकरीच्या अटी वाचल्यासारखं वाटतं.

गेल्या जानेवारीतला एक शनिवार सांगते. पहाटे साडेचारला फोन आला. आठ किलोमीटरवरच्या वाडीतले एक आजोबा गेले होते. अशा वेळची कामं ठरलेली असतात. घरी जाऊन प्रार्थना, खड्डा खणणाऱ्यांना निरोप, पेटीची सोय, मुंबईहून निघालेला मुलगा पोचेपर्यंत बर्फ आणायचा का, याचा निर्णय. मी झगा घडी करून पिशवीत घातला. तो अंगात घालून स्कूटर चालवत नाही. एकदा चाकात गुंतला होता. त्याच दिवशी अकराला लेकीच्या बालवाडीचं गॅदरिंग होतं. ती फुलपाखरू होणार होती. साडेनऊपर्यंत मी मनात हिशेब मांडत होते, की मुलगा दहाला पोचला तर जमेल. तो पोचला बाराला. येऊन आधी बापाच्या पायांशी बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्या वेळी घड्याळाकडे बघायचं नसतं. मी बघितलं.

माती दोनला झाली. पाचला गावात लग्न होतं. घरी येऊन अंघोळ केली, झगा बदलला, सेवेचं पुस्तक घेतलं. वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी हात वर केले, तेव्हा नखांत कबरीची माती दिसली. मी हात जरा खाली घेतले. गॅदरिंग रात्री नवऱ्याच्या फोनवर पाहिलं, कुणाच्या तरी डोक्यामागून घेतलेलं. फुलपाखराचा एकच पंख दिसतो.

आधीच्या मंडळीत बाळंतपणाची रजा मागितली, तेव्हा रजेत रविवार धरायचे का, यावर बैठकीत अर्धा तास गेला. धरले, एवढंच सांगते.

पाळक आणि पाळकीणबाई ही दोन्ही कामं एकाच बाईकडे असण्यातली एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. रात्री दहाला कुणी बाई दार वाजवते. ओठ सुजलेला असतो, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. पूर्वी ती पाळकीणबाईला सांगायची, पाळकीणबाई पाळकाला, आणि पाळक तिच्या नवऱ्याला चार शब्द. त्या साखळीत पोलीसचौकी कधी आलीच नाही. आता ती ओट्याशी बसून सांगते आणि ऐकणारी बाई पाळक असते. मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघी रात्रीच चौकीवर गेलो. मंडळीचे दोन पंच अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

प्रवचन मी लेक झोपल्यावर लिहिते, कधी मनुका उकळत असताना. दोन कागदांवर रस सांडल्याचे डाग आहेत.

सोमवारी सुट्टी घ्यायची, असं या वर्षी मी ठरवलं आणि चर्चच्या फळ्यावर लिहिलं, 'सोमवारी पाळक भेटणार नाहीत. मयत व आजारपण सोडून.' पुढच्याच सोमवारी त्याखाली कुणीतरी खडूने भर घातली होती, 'व पत्रिका देणे.' अक्षर ओळखीचं होतं. मी पुसलं नाही. त्या दिवशी तीन पत्रिका आल्या. चहा नवऱ्याने केला.