बुटीबोरीचा चौक ओलांडला की जेवायचे कुठे?

नागपूरहून वर्धा रोडने निघाले की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. इथे रस्ता फुटतो. एक फाटा सेलू, पवनारवरून वर्ध्याला जातो. दुसरा जाम, हिंगणघाट, पांढरकवडा करीत थेट हैदराबादकडे जातो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, आता त्याला ४४ म्हणतात. चादरी, चपला, बांगड्या, अत्तर, कुलपे असा माल मोटारसायकलला बांधून किंवा छोट्या टेम्पोत भरून आठवडी बाजार करणारे आपले कितीतरी बांधव या चौकातून जातात. माल कुठे दोन पैसे स्वस्त पडतो, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे त्यांना तोंडपाठ असते. पण दुपारी एकच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागले की समोर दिसेल त्या ढाब्यावर गाडी उभी राहते. तिथे मात्र हिशेब कोणी करीत नाही.

मीही करीत नव्हतो. काही वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या बाजाराला जाताना एका ढाब्यावर थांबलो. नाव सांगण्यात अर्थ नाही. लालभडक रस्सा, वर बोटभर तेल. संध्याकाळपर्यंत उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशीचा बाजार गेला, माल बांधलेला तसाच राहिला, डॉक्टर आणि औषधांचे पैसे गेले ते वेगळेच. अर्धी चूक माझीच होती. ऐन जेवणाच्या वेळी त्या ढाब्यावर माझ्याशिवाय एकही गिऱ्हाईक नव्हते, आणि ते मला दिसत होते.

तेव्हापासून मी बसण्याआधी कढईकडे बघतो. तेल काळे पडले असेल, चिकट झाले असेल, तळताना फेस येत असेल, तर ते पुन्हा पुन्हा तापवलेले आहे असे समजावे. याबाबत नियमही आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड’ नावाचे खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही. ते मोजायचे यंत्र आपल्या खिशात नसते, पण डोळा आणि नाक असतेच. भिंतीवर अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का, तेही बघावे. क्रमांक असला म्हणजे रस्सा ताजा आहे असे नव्हे, पण मालकाने किमान कागद तरी केले आहेत एवढे कळते.

दुसरा प्रश्न हलालचा. “हलाल है क्या?” असे विचारले तर गल्ल्यावरचा माणूस “हो” म्हणणारच. त्याऐवजी “मटण कोणाकडून आणता?” असे विचारावे. जो दुकानाचे किंवा कसायाचे नाव पटकन सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. जो “अहो, नागपूरहून येते” म्हणून विषय बदलतो, तिथे डाळ-भात मागवावा. यात भांडणाचे काही कारण नाही. हिंदू मालकाच्या खानावळीतही मटण मुस्लिम कसायाकडून येत असते आणि तो ते सरळ सांगतो. उलट दारावर ‘७८६’ लिहिलेले असूनही आतला कारभार कसा आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. पाटी वाचून जेवणारा माणूस लवकर फसतो.

तिसरा प्रश्न दारूचा. बुटीबोरी नागपूर जिल्ह्यात आहे, पण दोन्ही रस्त्यांनी थोडे पुढे गेले की वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथे १९७५ पासून दारूबंदी आहे. बंदी किती पाळली जाते हा वेगळा विषय. तरी ढाब्यावर शेजारच्या टेबलावर उघडपणे बाटली दिसण्याची शक्यता पलीकडे कमी होते. बायकामुलांना घेऊन निघाला असाल तर भूक थोडी आवरून सीमा ओलांडून थांबावे, हे माझे मत.

भरवशाचे मटण नसेल तर उपाशी राहायचे का? मुळीच नाही. विदर्भाचे शाकाहारी जेवण आपल्यातल्या अनेकांनी नीट चाखलेलेच नाही. सकाळी एमआयडीसीतल्या पाळ्या बदलतात त्या वेळी मिळणारे तर्री-पोहे घ्या. वर चण्याची झणझणीत तर्री, कांदा, लिंबू. दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. दुपारी पाटोडी-रस्सा मिळाला तर दुसरे काही मागू नका. बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडलेल्या असतात आणि मटणाची आठवण येत नाही. डाळ-कांदा, भरीत-भाकर, वडाभात, हिवाळ्यात सांबारवडी. (मुंबईकडच्या बांधवांसाठी खुलासा : इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचे सांबार वेगळे.) युती सरकारने १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. ती केंद्रे बंद पडून जमाना झाला, पण बाजाराच्या दिवशी झुणका-भाकर लावणारी एखादी बाई गावोगावी अजून भेटते. ती समोर भाकरी थापते, तव्यावरून ताटात वाढते. यापेक्षा ताजे काय असणार?

वर्ध्याला उतरलात तर गोरसपाक घेतल्याशिवाय परतू नका. गाईच्या तुपातली ही बिस्किटे टिकतात, गाडीत सांडत नाहीत, आणि परतीच्या प्रवासात चहाबरोबर जेवणाची वेळ निभावून नेतात.

कोकणातले पाहुणे इकडे आले की पहिल्याच दिवशी मासे विचारतात. त्यांना भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या जुन्या मालगुजारी तलावांतले मासे आणि झिंगे चाखवावेत. समुद्राची चव मिळणार नाही हे मात्र आधीच सांगून टाकावे, नाहीतर जेवण होईपर्यंत तक्रार ऐकावी लागते.

आता सावजीविषयी. नागपूरचे सावजी मटण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यामागची गोष्ट आपल्या कारागीर बांधवांनी जास्त लक्ष देऊन ऐकावी. सावजी हे हलबा कोष्टी समाजाचे जेवण, आणि हा समाज पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसलेला. आपले मोमिनपुऱ्याचे आणि कामठीचे विणकर ज्या सुतावर जगले, त्याच सुतावर हेही जगले. हातमागाला उतरती कळा लागली. पुढे १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिलसुद्धा २००२ मध्ये बंद झाली. पण कोष्टी घरांतल्या चुलीवर जवसाच्या तेलातला काळ्या मसाल्याचा रस्सा शिजत होता. कितीतरी कुटुंबांनी घराच्या पुढच्या खोलीत चार बाकडी टाकली आणि खानावळ सुरू केली. ना मोठे भांडवल, ना बँकेचे कर्ज. घरची बाई मसाला वाटणार, घरचा माणूस वाढणार. आज सावजीच्या पाट्या नागपूरच्या बाहेर दूरदूरच्या शहरांत दिसतात. विणकराच्या घरातली चव हाच त्यांचा माल झाला.

आपल्या घरांत अशी चव कमी आहे का? मोमिनपुऱ्यात रमजानच्या रात्री काय गर्दी असते ते सारे नागपूर जाणते. पण बुटीबोरीच्या पुढे, खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर, स्वच्छ, हलाल, वजूला पाणी आणि बायकांसाठी नीट संडास असलेले घरगुती जेवण शोधावे लागते. गिऱ्हाईक तर रस्त्यावरच आहे. इंडोरामासारख्या कारखान्यांमुळे बुटीबोरीत कामगारांची वस्ती वाढली, त्यांना रोज डबा लागतो. गिरडला शेख फरीदबाबांच्या दर्ग्यावर जाणारे जायरीन याच रस्त्याने जामवरून समुद्रपूरकडे वळतात, आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

मात्र जागा घेताना डोळे उघडे ठेवावेत. रस्ता धंदा देतो तसा नेतोही. २०२१ साली बुटीबोरीच्या चौकावर उड्डाणपूल झाला. लांबची गाडी वरून गेली की खालच्या टपरीचे एक गिऱ्हाईक कमी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्या पुलाला तडा गेला आणि तो बंद करावा लागला, तेव्हा सगळी गर्दी पुन्हा खाली आली. अशा गर्दीच्या भरवशावर कोणी पागडी भरू नये. समृद्धी महामार्गाचेही तसेच. बुटीबोरीपासून फार लांब नसलेल्या शिवमडक्याहून तो सुरू होतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत खुला झाला, तेव्हा त्यावर खाण्यापिण्याची धड सोय नव्हती आणि लोकांना घरचे डबे न्यावे लागले. ५ जून २०२५ रोजी तो ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. लांब पल्ल्याच्या मोटारी तिकडे वळल्या. पण त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे मोटारसायकलवर गठ्ठा बांधून फिरणारा आपला व्यापारी सेलू-वर्ध्याच्या जुन्या रस्त्यानेच जाणार, दर आठवड्याला त्याच वारी जाणार आणि त्याच वेळेला त्याला भूक लागणार. खानावळवाल्याला याहून पक्के गिऱ्हाईक कुठले मिळेल? एकदाच येणाऱ्या मोटारवाल्याला शिळे खपवता येते, दर मंगळवारी येणाऱ्याला नाही.

खर्चाचेही एकदा मांडून बघा. समजा बाहेरच्या दोन जेवणांना आणि चहाला दिवसाकाठी अडीचशे रुपये जातात आणि महिन्यात बारा बाजार होतात. तीन हजार झाले. यातले एक जेवण घरून नेले तर किती वाचतील ते आपल्या धंद्याच्या नफ्याशी ताडून पाहावे. माझ्या घरी आता दुधात भिजवलेल्या दशम्या करून देतात. त्या दोन दिवस सहज टिकतात. सोबत जवसाची चटणी, एक कांदा. उन्हाळ्यात मटणाचा डबा नेऊ नये, दुपारपर्यंत तो खराब होतो. पाणी घरचे.

दुपारचा डबा मी जामच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर उघडतो. टपरीवाला बाक देतो, पाणी देतो, वरून हिरवी मिरची तळून देतो. मी त्याच्याकडे दोन चहा घेतो. गेल्या महिन्यात त्याने विचारले, “चाचा, ह्या दशम्या तुमच्या घरून रोज वीस-पंचवीस मिळतील का? गिऱ्हाईक मागते.” घरी विचारून सांगतो म्हणालो आहे.